सीटी रिपोर्टमध्ये 'पोर्टल व्हेन ट्रायफर्केशन' आलंय, लिव्हरमध्ये दोष आहे का?

तुम्ही वडिलांना लिव्हरचा भाग देणार आहात. सोनोग्राफी नॉर्मल आली, पण सीटीत 'पोर्टल व्हेन ट्रायफर्केशन, टाइप टू' निघालं. दोघांपैकी चुकलं कोण, आणि आता डॉक्टर तुम्हाला नाकारणार का, असं तुम्ही विचारलंय.

चुकलं कुणीच नाही, आणि हा आजारही नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे. हे शब्द मी स्वतः कितीतरी रिपोर्टांत लिहिले आहेत.

आतडी आणि प्लीहा यांचं रक्त गोळा करून पोर्टल व्हेन लिव्हरकडे जाते. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास 75 टक्के हीच पुरवते. लिव्हरच्या दाराशी ती दुभंगते: एक फांदी उजवीकडे, एक डावीकडे. उजवी थोडं आत जाऊन पुन्हा फुटते. पुढची फांदी सेगमेंट (लिव्हरचे क्रमांक दिलेले भाग) 5 आणि 8 ला जाते, मागची 6 आणि 7 ला. आमच्या कोकणात तीन वाटा मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात. बहुतेकांच्या लिव्हरच्या दाराशी तिठा असतो, तुमच्याकडे चौक आहे. उजवीचं छोटं खोड तयारच झालं नाही, म्हणून डावी, उजवी पुढची आणि उजवी मागची अशा तिन्ही फांद्या एकाच जागेवरून निघाल्या. रिपोर्टातलं 'ट्रायफर्केशन, टाइप टू' म्हणजे हेच. रक्त जिथे पोचायचं तिथे पोचतंच आहे.

डाव्या फांदीची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती आधी आडवी जाते, मग एकदम पुढे वळते. आईच्या पोटात असताना नाळेतलं रक्त याच वळणाशी येऊन मिळायचं. जन्मानंतर ती वाट बंद होते आणि बेंबीपासून लिव्हरपर्यंत नुसती दोरी उरते. 'बेंबीच्या देठापासून ओरडणं' आपण सहज म्हणतो; तो देठ मला रोज स्क्रीनवर दिसतो.

आता सोनोग्राफीबद्दल. पोर्टलच्या फांद्यांच्या भिंती पांढऱ्या, ठळक दिसतात. लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन्सच्या भिंती जवळजवळ दिसतच नाहीत. दोन्ही ओळखायची आमची पहिली खूण हीच. डॉपलर लावला की रक्त लिव्हरकडे चाललंय की उलटं फिरलंय तेही कळतं. एवढ्या कामाला सोनोग्राफी झकास. पण दाराशी फांद्या नेमक्या कशा फुटतात ते पोटातला गॅस, तिरका कोन यांमुळे निसटू शकतं, आणि साध्या तपासणीत ते कुणी शोधतही नाही. सीटीत शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन साधारण 70 सेकंदांनी फोटो घेतले की पोर्टल व्हेन उजळून निघते. मग संगणकावर पूर्ण झाड उभं करून हवं तसं फिरवून बघता येतं.

ज्याच्या लिव्हरला कधी सुरी लागणार नाही, त्याला या चौकाशी काही देणंघेणं नाही. तुम्हाला आहे. क्वीनो या फ्रेंच सर्जनने 1957 मध्ये लिव्हरचे 8 सेगमेंट मांडले ते याच फांद्यांच्या आधाराने: फांदी सेगमेंटच्या मध्यात शिरते, हिपॅटिक व्हेन्स सेगमेंटांच्या सीमेवरून धावतात. मोठ्या माणसाला द्यायचा असला की बहुधा उजवा भाग काढतात. नेहमीच्या रचनेत त्या भागाला पोर्टलचं एकच तोंड येतं; तुमच्यासारख्या रचनेत जवळजवळ असलेली दोन येऊ शकतात. सर्जन ती बाहेर टेबलावर जोडून एक करतात, किंवा वडिलांच्याच पोर्टल व्हेनचा इंग्रजी वायसारखा दुफाटा तुकडा वापरतात. काम वाढतं, पण अनुभवी टीमला ते नवीन नसतं. नुसत्या या एका ओळीवरून दात्याला नाकारलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तुमच्याकडे लिव्हर किती उरणार (साधारण 30 ते 35 टक्के तरी लागतं) आणि त्यात चरबी किती आहे, हे प्रश्न मला जास्त मोठे वाटतात.

अजून एक. पोर्टलची रचना वेगळी असली की पित्तनलिकांचीही वेगळी असण्याची शक्यता वाढते. म्हणून एमआरसीपी (पित्तनलिका दाखवणारी एमआरआय तपासणी) सांगितली असेल तर घाबरू नका, आणि सांगितली नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. सोबत हेही विचारा: "माझ्या उजव्या भागाला पोर्टलची तोंडं किती येतील, आणि ती कशी जोडणार?" सर्जन कागदावर चित्र काढून दाखवतील. तो कागद घरी घेऊन या, वडिलांनाही समजावून सांगता येईल.