परसातला सुरण आणि घशाची खाज

प्रश्न : परसातला सुरण काढून भाजी केली, पण चिरताना हात चुरचुरले आणि खाल्ल्यावर घशाला खाज सुटली. मूळव्याधीवर तो औषधी आहे, असे सासूबाई सांगतात. मग तो खावा कसा? (एक वाचक भगिनी, गुहागर)

उत्तर : ही खाज सुरणातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे सुटते, रानटी सुरणात ती फार, तर लागवडीच्या ‘गजेंद्र’ जातीत नाममात्र असते. हाताला खोबरेल तेल चोळून, कंद कोरडा असतानाच साल जाड काढावी, फोडी चार-पाच आमसुले घातलेल्या पाण्यात सुरी अलगद आरपार जाईपर्यंत उकडाव्यात आणि ते पाणी न चुकता ओतून द्यावे, कारण विरघळणारे ऑक्झलेट त्याबरोबर निघून जाते. अर्धवट शिजलेली एक फोडही घसा धरते.

सासूबाईंचे म्हणणे निराधार नाही. आयुर्वेदात सुरणाला ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, असेच नाव आहे, आणि त्यातील तंतूंमुळे पोट साफ राहण्यास मदत होते. तरीही शौचावाटे रक्त जात असेल, तर भाजीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे, हे मी आग्रहाने सांगते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी सुरण बेतानेच खावा.