आयर्विनला चाळीस झालं की निघायचं

"गटाचा हप्ता भरला की हातात काही उरत नाही, मॅडम. पुराची तयारी करायची कशानं?" सांगलीत उन्हाळा सरत आला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. दर वर्षी विचारणाऱ्या बाई वेगळ्या असतात, एवढंच. त्यांतल्या एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

नवरा मार्केट यार्डात हमाल. ताई घरी फॉल-पिको करतात. मुलगी कॉलेजात, सासऱ्यांना मधुमेह. घर नदीकडच्या सखल गल्लीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा घरात आलं. तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजू लागला की ताई उठून बसत आणि पहाटेपर्यंत मोबाइलवर पुराचे व्हिडिओ बघत.

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. मी त्यांना सामानाची छापील यादी दिली. त्या तीन आठवडे आल्याच नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "ती यादी बघितली की छातीत धडधडतं. तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येतो." भीतीनं दबलेल्या बाईच्या डोक्यावर मी आणखी एक न फिटणारं देणं ठेवलं होतं.

यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, त्या रात्री घर सोडताना काय हवं होतं आणि सापडलं नाही?"

उत्तर लगेच आलं. मुलीचं दहावीचं गुणपत्रक, रेशनकार्ड, सासऱ्यांच्या गोळ्या. आणि शिलाई मशीन, जे तीन दिवस पाण्यात राहिलं. मग बराच वेळ त्या गप्प राहिल्या. "आणि जायचं कुठं, हे ठरलेलं नव्हतं. जावेकडं गेलो. पाच दिवस राहिलो. चौथ्या दिवशी भाकरी वाढताना त्या काहीतरी बोलल्या. पाणी ओसरलं, पण ते बोलणं अजून गेलं नाही माझ्यातनं."

खरी गाठ इथं होती. पुराइतकीच त्यांना लाचारीची भीती होती. रिकाम्या हातानं कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, हे त्यांना रात्री दिसायचं. माझ्या अनुभवात हे फार घरांत असतं आणि फार कमी बायका ते बोलून दाखवतात. म्हणून विजेरीच्या आधी आम्ही जावेचा विषय घेतला. जावेशी काय बोलायचं, हे दोन भेटींत नुसतं बोलून पाहिलं. मग एप्रिलच्या कोरड्या दिवसांत ताई विश्रामबागला जावेकडं गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "पाणी चढलं तर आम्ही येऊ. आमचं धान्य आधीच आणून ठेवते." मे महिन्यात पाच किलो तांदूळ, तूरडाळ, साखर आणि चहापत्तीचा पत्र्याचा डबा जावेच्या घरी पोचला. जाऊ रडली म्हणे. तिलाही ते बोलणं टोचत होतंच.

बाकीचं सोपं होतं. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत आठवड्याला पन्नास रुपये, म्हणजे साधारण पाचशे. त्यात धान्याचा काही भाग, विजेरीचे सेल आणि पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध बसलं. कर्ज काढून काहीही घ्यायचं नाही, हे मी निक्षून सांगितलं. कागदपत्रं साडीच्या जाड प्लास्टिक पिशवीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या बरणीत गेली आणि बरणी मुलीच्या जुन्या दप्तरात. मुलीनं सगळ्यांचे फोटो काढले, गुणपत्रक डिजिलॉकरमध्ये मिळवलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना विचारल्यावर गोळ्या दहा दिवसांच्या जादा लिहून मिळाल्या. नवऱ्यानं बँकेत सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरला. अपघाताचं दोन लाखांचं संरक्षण, वर्षाला वीस रुपये. मशीनचं काय? मागचे दोन स्क्रू ढिले केले की हेड टेबलावरून सुटतं. ताईंनी ते स्वतः काढून पाहिलं. लोखंडी स्टँड भिजला तर पुसता येतो, हेड मात्र वाचायला हवं.

सासरे अडून बसले होते. "२००५लाही आलं होतं, उतरलं की." समजावून काही होईना, तेव्हा आम्ही त्यांच्यावरच काम सोपवलं. रोज रात्री नऊला आयर्विनचा आकडा बघायचा आणि भिंतीवर खडूनं लिहायचा. इशारा पातळी ४० फूट. तो आकडा झाला की निघायचं, वाद नाही. कृष्णेचा पूर चढायला वेळ घेतो, कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमीही आधी कळते. ही सवड वापरायची. आणि ताईंनी नऊनंतर मोबाइल बघायचा नाही. ही अट त्यांना सगळ्यांत जड गेली, दोनदा मोडलीही.

एका रविवारी घर रिकामं करायची तालीम झाली. पहिल्यांदा पाऊण तास लागला, कारण मांजर सापडेना.

त्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज होता. "छत्तीस लिहिलंय मामंजींनी. हेड काढून माळ्यावर ठेवलंय, दप्तर दाराशी आहे. उद्या सकाळी मामंजींना आधी जावेकडं पोचवावं का, असं विचारायचं होतं." मी हो म्हटलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग आता झोपते."