कॅटान मांडायला अर्धा तास का जातो

भावा, तू लिहिलंयस की कॅटान या बोर्डगेमचे सगळे भाग प्रकारानुसार वेगळ्या पिशव्यांत भरलेस, तरी चौघांचा डाव मांडायला अर्धा तास जातोच. जाणारच. रस्ते एकीत, घरं दुसरीत, शहरं तिसरीत म्हटल्यावर प्रत्येकजण तिन्ही पिशव्यांत आपला रंग हुडकत बसणार. नग कसला आहे ते बघू नकोस. मांडताना तो कुणाच्या हातात जातो ते बघ.

म्हणजे रंगागणिक एक डबी: १५ रस्ते, ५ घरं, ४ शहरं, वर काय बांधायला काय लागतं तो खर्चाचा तक्ता. पिशवीपेक्षा पसरट डबी बरी, झाकण काढलं की त्यातूनच खेळता येतं. आवरताना ज्याची डबी त्यानंच भरायची. रस्ते पाच-पाचच्या तीन ओळींत लावले की एखादा सोफ्याखाली गेलेला तिथंच कळतो.

जमिनीचे १९ षटकोन मात्र वेगळे करायचे नाहीत. बहुतेकांचा वेळ इथंच वाया जातो: जंगल, कुरण, शेत असे गठ्ठे बांधायचे आणि पुढच्या वेळी तेच मिसळत बसायचं. जे मिसळायचंच आहे ते मिसळूनच ठेव. विकासाचे २५ पत्तेही डाव संपल्यावर लगेच पिस. त्यात १४ पत्ते नाइटचे, म्हणजे सरदाराचे आहेत आणि खेळून झालेले एकगठ्ठा पडलेले असतात. साधनांच्या (लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज) ९५ पत्त्यांचं उलट आहे. ते वाटपाला लागतात, म्हणून १९-१९ चे पाच गठ्ठे तयार हवेत. षटकोनांवर ठेवायच्या आकड्यांच्या १८ चकत्यांवर ए ते आर अक्षरं असतात. त्या क्रमानंच रचून ठेव, ए सगळ्यात वर. कोपऱ्यापासून आत गोल फिरत, वाळवंट सोडून टाकत गेलं की मिनिटभराचं काम.

तिकिट टू राइड या रेल्वेच्या बोर्डगेमबद्दलही विचारलंयस. तिथं प्रत्येक रंगाला रेल्वेचे ४५ छोटे डबे आणि वर थोडे जादा येतात. जादा वेगळ्या पुडीत, पेटीच्या तळाशी. कुणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की शेवटची फेरी लागते, त्यामुळं एखाद्याकडे तीन डबे जास्त गेले तर डावाचा शेवटच पुढं सरकतो. आणि ११० रेल्वेपत्ते नीट पिसून ठेव, कारण ते एका रंगाचे संच करूनच टाकलेले असतात. वरवर पिसले तर पुढच्या डावात लाल मागून लाल येत राहतो.

छोट्या झिपच्या पिशव्यांसाठी महागडा संच मागवायची गरज नाही. गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, सोनार दागिना घालून देतात तसल्या पिशव्या पॅकिंग मटेरियलच्या दुकानात शेकड्यानं मिळतात. प्रत्येकीला सुईनं दोन भोकं पाड, नाहीतर आत हवा कोंडून पिशव्या फुगतात आणि पेटीचं झाकण बसत नाही. भोकांचा पावसाळ्यातही फायदा आहे: जुलै-ऑगस्टात आपल्याकडं पत्ते दमट होतात, ते बंद पिशवीत राहिले की बुरशी धरतात. सिलिका जेलची पुडी टाक, पण ती अधूनमधून बदलावी लागते. रबरबँड अजिबात नको. कडांना खाच पडते, आणि उन्हाळ्यात तो वितळून पत्त्याला चिकटतो तो निघतच नाही. त्यापेक्षा कागदाची पट्टी गुंडाळ.

फोम बोर्डाचे कप्पे करणार असशील तर फेविकॉलनंच चिकटव. चपलेला लावतात तसल्या उग्र वासाच्या सोल्यूशननं आतला फोम विरघळतो. पत्त्यांना कव्हर घालणार असशील तर आधी घाल, मगच कप्प्याचं माप घे. कव्हर घातलेला गठ्ठा जाड होतो आणि रुंदीतही वाढतो. आणि कप्प्याच्या तळाला बोटाएवढी अर्धगोल खाच ठेव, नाहीतर चकत्या नखांनी उकरत बसावं लागतं.

कॅटानची पेटी भरताना पत्ते तळाला, त्यावर चार डब्या, मग षटकोन आणि सगळ्यात वर समुद्राच्या चौकटीचे ६ तुकडे. ते पहिल्यांदा लागतात, शिवाय पेटी कपाटात उभी ठेवली तरी खालचं सगळं दाबून धरतात.