नेच्यांची रोपे घरी कशी करावीत?

पावसाळ्याच्या तोंडावर नेच्यांविषयीची, म्हणजे बोलण्यात आपण ज्यांना फर्न म्हणतो त्या झाडांविषयीची, पत्रे नेहमीच वाढतात. या वेळच्या बहुतेक अडचणी एकाच समजुतीतून आलेल्या दिसतात, ती म्हणजे सगळ्या नेच्यांची रोपे एकाच रीतीने करता येतात ही. सुरी हातात घेण्यापूर्वी आपला नेचा स्वतःहून कसा पसरतो, हे निरखून पाहावे.

प्रश्न : बोस्टन फर्नची कुंडी मुळांनी गच्च भरली आहे. रोपे बियांपासून करावीत की गड्डा फोडून?

उत्तर : नेच्यांना फूल येत नाही, त्यामुळे बीही धरत नाही, त्यांचे पुनरुत्पादन बीजाणूंनी, म्हणजे पानामागे तयार होणाऱ्या भुकटीसारख्या बारीक कणांनी, होते. बोस्टन फर्नचे बीजाणू मात्र बहुधा वांझ असतात, म्हणून तो मार्ग सोडून द्यावा. जून-जुलैमध्ये, हवेत ओलावा असताना, गड्डा कुंडीबाहेर काढून धारदार, स्वच्छ सुरीने त्याचे दोन-तीन भाग करावेत आणि प्रत्येक भागाला मुळे, कोंब व निदान तीन-चार पाने राहतील याची काळजी घ्यावी. याहून सौम्य उपाय हवा असेल तर कुंडीबाहेर लोंबणारे दोऱ्यासारखे धुमारे पाहा. असा धुमारा न तोडता शेजारच्या कुंडीतील ओल्या मिश्रणावर वाकवलेल्या तारेने दाबून ठेवला, की काही आठवड्यांत तिथे मुळे धरून नवे रोप उभे राहते. ते स्वतःच्या मुळांवर जगू लागले की मगच जोड कापावा. मला हीच रीत अधिक आवडते, कारण तिच्यात मूळ झाडाला इजा होत नाही.

प्रश्न : पानांच्या मागे तपकिरी ठिपके आले आहेत. कीडनाशक फवारू का?

उत्तर : आधी ठिपक्यांची मांडणी पाहा. पानाच्या फक्त मागच्या बाजूला, शिरांच्या किंवा कडेच्या अनुरोधाने, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. त्यांना हात लावू नये. ठिपके देठांवरही वेडेवाकडे विखुरलेले असतील, नखाने खरवडताच खवल्यासारखे सुटत असतील आणि पाने चिकट लागत असतील, तर ती खवले कीड आहे.

प्रश्न : बर्ड्स नेस्ट फर्न मधोमध कापून दोन कुंड्यांत लावला. दोन्ही भाग कुजले. काय चुकले?

उत्तर : या नेच्याची सारी पाने मध्यभागातील एकाच वाढबिंदूपासून निघतात. तो चिरला गेला की झाड सहसा वाचत नाही. याची रोपे घरी करायची तर बीजाणूंपासूनच करावी लागतात.

प्रश्न : मग बीजाणूंपासून रोपे घरी खरोखर होतात का? मी दोनदा पेरले, दोन्ही वेळा नुसती बुरशी आली.

उत्तर : होतात. जमैकात राहणाऱ्या जॉन लिंडसे या शल्यवैद्याने असे बीजाणू पेरून त्यांतून नेचे उगवताना पाहिले आणि 1794 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तुमच्या अपयशाचे कारण बहुधा स्वच्छतेत असावे. पुंजके तपकिरी झालेले, पण अजून न फुटलेले पान कापून पांढऱ्या कागदाच्या घडीत दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवावे. खाली पडलेल्या भुकटीतील भुसा कागद तिरपा धरून हलकेच टिचक्या मारल्याने आधी घरंगळतो आणि बारीक बीजाणू कागदाला चिकटून राहतात. पेरायचे ते हेच. पारदर्शक झाकणाच्या डब्यात धुतलेले कोकोपीट घालून त्यावर उकळते पाणी ओतावे आणि झाकण लावून पूर्ण निवू द्यावे. बीजाणू अगदी विरळ भुरभुरावेत, वर माती टाकू नये, कारण त्यांना उजेड लागतो. डबा ऊन न येणाऱ्या उजेडाच्या खिडकीशी ठेवावा.

काही आठवड्यांनी पृष्ठभागावर हिरवी साय धरते. हे शेवाळ समजून पुष्कळजण डबा रिकामा करतात, याचे मला फार वाईट वाटते. पुढे त्या सायीतून नखाएवढ्या किंवा त्याहूनही लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या चकत्या दिसू लागतात. नर व मादी अवयव या चकत्यांवरच असतात आणि नर पेशींना मादी पेशीपर्यंत पोहत जावे लागते. म्हणून या टप्प्यावर उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा आवश्यक ठरतो. तो न मिळाल्यास चकत्या महिनोन्‌महिने तशाच राहतात. पहिली खरी पाने दिसली की लहान पुंजक्यांनी रोपे हलवावीत आणि झाकण रोज थोडे थोडे उघडत न्यावे. कुंडीत शोभेल असे रोप व्हायला वर्ष सहज लागते.

प्रश्न : सह्याद्रीतल्या भटकंतीत दिसणारा हंसराज नावाचा नेचा उपटून आणला तर घरी जगेल का?

उत्तर : कृपया आणू नका. कातळाच्या फटीत रुतलेली त्याची मुळे उपटताना तुटतात आणि झाड बहुधा वाटेतच मान टाकते. रोपवाटिकेतून एक कुंडी घ्यावी आणि ती भरली की आडव्या खोडाचा तुकडा मुळांसह वेगळा करावा. हंसराजाच्या एका जातीत पानाचे टोक शेपटासारखे लांबते आणि जमिनीला टेकले की तिथेच मुळे धरते. ती मिळाल्यास ओल्या मिश्रणाची कुंडी शेजारी ठेवून टोक तिच्यावर टेकवावे. वेगळी केलेली रोपे सुरुवातीला प्लास्टिकच्या पिशवीखाली सावलीत ठेवावीत आणि नवे पान उलगडेपर्यंत खत घालू नये.