मागचा अ‍ॅक्सल भरल्यावर आवाज: प्रश्नोत्तरे

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं दुखणं एकच आहे. मागचा अ‍ॅक्सल खोलला, भरला (परत जोडला) आणि मालाची गाडी पहिल्यापेक्षा जास्त ओरडायला लागली. आवाज कसा येतो याची वर्णनं भरपूर आली आहेत. मला तो कधी येतो ते हवं असतं: ओढताना (इंजिन जोर लावताना), सोडताना (रेसवरचा पाय उचलल्यावर) की वळताना. अर्धं निदान त्यातच होतं.

प्रश्न: केळी भरून उत्तरेत जातो. क्राउन-पिनियनचा (मागच्या अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं लहान चाक) नवा सेट टाकला. चाळीसच्या पुढे ओढताना ‘ऊंऽऽ’ आवाज येतो, पाय उचलला की बंद. फिटर म्हणतो, चालून चालून बसेल. (गाडीमालक, सावदा)

बसत नाही, भाऊ. नवा सेट पहिले काही दिवस जरा जास्त तापतो हे खरं, पण रडायला लागलेलं क्राउन आपोआप गप्प होत नाही. उलट चुकीच्या जागी भार येऊन दात उडतात. फक्त ओढताना आवाज म्हणजे दातांच्या ओढणाऱ्या बाजूचा स्पर्श चुकलाय. मात्र नुसत्या कानावर शिम (पिनियनची जागा नेमकी करणारी पातळ चकती) बदलू नका, दातांच्या स्पर्शाचा ठसा काढा.

डिफरन्शियल (क्राउन-पिनियन बसवलेला अ‍ॅक्सलचा मधला भाग) बाहेर काढून स्टँडवर घ्या. शेंदूर तेलात दाटसर कालवून क्राउनच्या दहा-बारा दातांवर पातळ लावा. (त्यात शिसं असतं; हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.) पिनियन फिरवताना क्राउनला लाकडाचा थोडा अडसर द्या, नाहीतर ठसा नीट उमटत नाही. ठसा उंचीने दाताच्या मधोमध हवा आणि लांबीने मधल्या भागापासून आतल्या, निमुळत्या टोकाकडे. माल भरला की तो बाहेरच्या टोकाकडे पसरतो, त्यामुळे हाताने फिरवतानाच बाहेर दिसत असेल तर मालावर तो दाताच्या कडेवर जाईल. ठसा माथ्यावर आला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, मुळाशी आला तर जास्त आत घुसलंय. माथा-मूळ शिमने सुधारतं, आत-बाहेर क्राउन सरकवून. आधी शिम, मग बॅकलॅश (क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक).

तुमच्या फिटरला एक विचारा: जुनीच शिम परत घातली का? पिनियनवर +५, −३ असा, ठरल्या जागेपासूनचा फरक सांगणारा आकडा कोरलेला असतो, बहुतेक सेटमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. जुन्यावर −३ आणि नव्यावर +५ असेल तर ०.०८ मिमीचा फरक पडला, आणि तेवढा आवाजाला पुरतो. (जुनं पिनियन अजून भंगारात गेलं नसेल अशी आशा आहे.) शिम वाढवायची की कमी करायची, ते ती कुठे बसते त्यावर आहे. पिनियनचं केज (त्याची बेअरिंगं धरणारं कवच) आणि हाउसिंग (बाहेरचं घर) यांच्यामध्ये बसत असेल तर जाड शिम पिनियनला लांब नेते. दातांमागच्या बेअरिंगच्या पाठीशी बसत असेल तर तीच जाड शिम त्याला आत ढकलते. चांगले चांगले फिटर इथे फसतात. आणि क्राउन-पिनियनवरचा जोडीचा नंबर एकच आहे ना, तेही बघून घ्या.

प्रश्न: फक्त बेअरिंगं बदलली. क्राउन-पिनियन जुनंच, दात चांगले. बॅकलॅश पुस्तकाप्रमाणे लावला, तरी आधी नव्हता तो आवाज आला. (फिटर, धुळे)

पुस्तकातला आकडा नव्या सेटचा असतो, दादा. मालट्रकच्या मोठ्या क्राउनला साधारण ०.२० ते ०.४५ मिमी चालतो, पण जुने दात ज्या जागी घासून सरावले ती जागा तुम्ही बदललीत. खोलायच्या आधीच डायल गेज लावून बॅकलॅश लिहून ठेवायचा आणि भरताना तोच द्यायचा. आता दातांवरची जुनी चकचकीत घासपट्टी शोधा आणि शेंदराचा ठसा तिच्यावर येईपर्यंत क्राउन सरकवा. अ‍ॅडजस्टिंग रिंग एका बाजूला जितके खाचे सैल कराल तितकेच दुसऱ्या बाजूला आवळा, म्हणजे बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) हलणार नाही.

बॅकलॅश क्राउनवर चार जागी मोजा. आकड्यांत मोठी तफावत आली तर क्राउन वाकडं फिरतंय. बहुधा क्राउन आणि केसच्या मध्ये बुर (धातूची उठलेली कड) किंवा कचरा अडकलेला सापडेल. याचा अंदाज गाडीवरही येतो. ताशी १० किमीला १०.००-२० चं टायर सेकंदाला एक फेरीही पुरी करत नाही. आवाज त्याच संथ तालावर चढत-उतरत असेल तर क्राउनवर संशय घ्या, अर्थात टायर आणि ड्रम तपासून झाल्यावर. ४१ आणि ६ दातांच्या सेटमध्ये पिनियन चाकाच्या ६.८३ पट फिरतं, त्यामुळे त्याचा ताल मोजता येत नाही, ते एकसारखं गुरगुरतं.

प्रश्न: सेंधव्याकडून बिजासन घाट उतरताना पाय उचलला की मागून गुरगुर होते. चढावर काही नाही. काम होऊन महिना झाला, आवाज आता सुरू झाला. ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी रडस’. (शिरपूर)

आधी गाडी उभी करा. महिन्याने आलेला आवाज शिमचा नसतो, काहीतरी सैल झालंय. माझा पहिला संशय पिनियनच्या नटावर. ओढताना पिनियन क्राउनपासून लांब ढकललं जातं आणि बेअरिंगला टेकून राहतं. उतारावर चाकं इंजिनाला ढकलतात, तेव्हा तेच पिनियन क्राउनकडे ओढलं जातं आणि जितकी ढिलाई असेल तितकं आत जातं. जॉइंट शाफ्ट (गियरबॉक्सपासून मागे येणारा दांडा) सोडवून पिनियनची फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात ती चकती) हाताने आत-बाहेर ओढून बघा. हलली तर नुसता नट आवळून गाडी पाठवू नका. बेअरिंग बघा, प्रीलोड पुन्हा मोजा. ऑइल सील काढलेलं असताना केजला सुतळी गुंडाळायची, स्प्रिंगकाट्याने ओढायची, आणि केज फिरत असतानाचा आकडा घ्यायचा, सुटतानाचा नाही. तो आकडा गुणिले केजची त्रिज्या, हे मॅन्युअलशी ताडा.

न्यूट्रलमध्ये घाट उतरून आवाज जातो का, हा प्रयोग मात्र कुणी करू नका.

प्रश्न: उसाची गाडी. कारखान्याच्या यार्डात वळवतानाच कटकट, सरळ रस्त्यावर शांत. (शहादा)

संशय स्टार पिनियन आणि सन गियरवर (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळा वेग देणारी डिफरन्शियलमधली लहान दातेरी चाकं). सरळ चालताना ते एकमेकांवर फिरतच नाहीत, म्हणून गप्प असतात. त्यांच्यामागचे वॉशर झिजलेत, किंवा भरताना एखादा राहून गेलाय.

प्रश्न: दीपनगरच्या वीजकेंद्रातून राख भरतो. अ‍ॅक्सल भरल्यापासून क्लच सोडला की मागे ‘खट्’ होतं. पुन्हा खोलू का? (भुसावळ)

इतक्यात नको. चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, गियर काढा, आणि खाली जाऊन जॉइंट शाफ्ट हाताने मागे-पुढे पिरगळा. क्रॉस, स्लिप जॉइंटचे खाचे, सेंटर बेअरिंग, फ्लँजचे बोल्ट यांतलं काय हलतं ते बोटांना कळतं. मग पाट्यांचे यू-बोल्ट बघा. अ‍ॅक्सलच्या कामात ते सोडले असतील तर माल भरून एक-दोन फेऱ्या झाल्यावर परत आवळावे लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं. हे सगळं घट्ट असेल तरच डिफरन्शियलला हात लावा.