ॲप्रिकॉट : लॅटिन की अरबी?

प्रश्न असा आला आहे : स्पॅनिशमध्ये जर्दाळूला 'अल्बारिकोके' म्हणतात. सुरुवातीचा 'अल्' उघडउघड अरबी दिसतो. मग इंग्रजी कोश 'ॲप्रिकॉट'चं मूळ लॅटिन का सांगतात?

दोन्ही बरोबर. शब्द जन्माने लॅटिन, पण भूमध्य समुद्राला पूर्वेकडून वळसा घालून तो युरोपात परतला तेव्हा अंगावर अरबी पोशाख होता.

रोमन लोक जर्दाळूला आधी 'आर्मेनियाचं फळ' म्हणत. पुढे ते पीचच्या आधी तयार होतं म्हणून 'प्राएकोक्वुम', म्हणजे लवकर पिकणारं, हे नाव पडलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की ही लवकर येणारी फळं गेल्या तीस वर्षांतच ठाऊक झाली आणि सुरुवातीला एकेक फळ एका दिनाराला विकलं जाई. (हा दिनारही लॅटिन 'देनारियुस'च, पण तो वेगळा विषय.) ग्रीकांनी त्या नावाचं 'प्राइकोकिऑन' केलं. ते अरबांकडे गेलं. अरबीत 'प' नसल्यामुळे 'बर्कूक' झालं, आणि नामाआधी लागणारा 'अल्' धरून 'अल्-बर्कूक'.

711 साली अरब-बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या. त्यांच्या राजवटीत तिथल्या लोकांनी 'अल्' हा नावाचाच भाग समजून अख्खा शब्द उचलला. पोर्तुगीज 'अल्ब्रिकोके', कॅटलान 'अल्बेर्कोक', इटालियन 'अल्बिकोक्का' ही सगळी त्याचीच रूपं. फ्रेंच 'आब्रिको'मध्ये 'ल' गळाला. डच, जर्मन आणि रशियन नावंही याच घराण्यातली.

इंग्रजीत सोळाव्या शतकात 'अब्रेकॉक', 'ॲप्रिकॉक' अशी रूपं दिसतात. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड दुसरा' नाटकातला माळी 'ॲप्रिकॉक'च म्हणतो. शेवटचा 'ट' फ्रेंच लेखनाच्या वळणाचा; फ्रेंचमध्ये तो लिहितात, उच्चारत नाहीत. आणि 'ब'चा 'प' का झाला? बहुधा लॅटिन 'आप्रिकुस', म्हणजे उन्हातला, या शब्दाच्या ओढीने. 1617 मध्ये मिनश्यू या कोशकाराने 'उन्हात पिकलेलं' अशी व्युत्पत्तीच देऊन टाकली. ती चूक आहे, पण चुकीच्या व्युत्पत्त्या पुष्कळदा खऱ्यापेक्षा गोड लागतात.

सगळा युरोप मात्र या वाटेने गेला नाही. ऑस्ट्रियात जर्दाळूला 'मारिले' म्हणतात. त्यात जुनं आर्मेनियाचं नाव शिल्लक आहे. अर्जेंटिना-चिलीत तेच फळ 'दमास्को', म्हणजे दमास्कसचं. गंमत अशी की ज्या अरबीने हा शब्द स्पेनला दिला, तिच्या पूर्वेकडच्या बोलींत आज 'बर्कूक' म्हणजे प्लम. जर्दाळूला 'मिश्मिश' म्हणतात.

आपलं 'जर्दाळू' या गोतावळ्यात बसत नाही. ते फारसी : 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे प्लमसारखं फळ. आलुबुखारातला 'आलु' तोच.

तरीही मराठीशी नातं आहे, आणि माझ्या मते या शब्दातला सगळ्यात सुरस भाग तोच. 'प्राएकोक्वुम'मधलं क्रियापद 'कोक्वेरे', म्हणजे शिजवणे, पिकवणे. ते आणि संस्कृत 'पच्' एकाच इंडो-युरोपीय धातूचे. लॅटिनमध्ये आरंभीच्या 'प'चा पुढच्या व्यंजनाच्या प्रभावाने 'क' झाला. 'पच्'पासून 'पक्व', आणि त्यातून प्राकृतमार्गे आपलं 'पिकणे', 'पीक'. इंग्रजी 'प्रिकोशस'ही 'ॲप्रिकॉट'च्याच मुळाचा, म्हणून त्याला मराठीत 'अकालपक्व' म्हटलं की अर्थाबरोबर धातूसुद्धा जुळतो.