उपासनेत 'कृपा स्वीकारणं' म्हणजे नेमकं काय करायचं? आपणच तर देवाला स्तुती, प्रार्थना, दान देतो ना?

प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि मामा आठवले. "चर्चला देवाला द्यायला जायचं, घ्यायला नाही" असं ते आजही म्हणतात, आणि याच विचारापायी माझी आई नऊ वर्षं प्रभुभोजनापासून (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीपासून) लांब राहिली, म्हणून लिहितोय.

आमचं चर्च नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातलं, 1970 पासून सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. शेताच्या बांधावरून आईचं काकूशी भांडण झालं, ते कोर्टात गेलं, आणि मामांनी (ते तेव्हा मंडळीचे पंच होते) आईसमोर बायबलमधलं पहिलं करिंथ, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, त्याचा अध्याय 11 उघडून ठेवला, की अयोग्य रीतीने खाशील तर दंड ओढवून घेशील. झालं. तेव्हापासून सगळे गुडघे टेकायला पुढे निघाले की आई डोक्यावर पदर घेऊन बाकावरच बसायची, बाकीच्या बायकांना जाता यावं म्हणून पाय आत घ्यायची. मी लहान होतो, मला वाटायचं तिचे गुडघे दुखतात.

मोठेपणी तो अध्याय नीट वाचला तेव्हा रागच आला. पौल तिथे झापतोय कोणाला? करिंथात काही जण आधीच खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे, त्या खाणाऱ्यांना. आणि 28व्या वचनात स्वतःची परीक्षा करा आणि मग खा असं आहे, परीक्षा करा आणि बसून राहा असं नाहीये! मामा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 5वा अध्याय पण काढायचे, आधी भावाशी समेट कर म्हणून, पण ते वेदीपाशी अर्पण आणणाऱ्याला सांगितलंय, म्हणजे देणाऱ्याला.

तर स्वीकारणं म्हणजे काय, तर उपासनेचा क्रमच बघा ना, पापांगीकारानंतर क्षमा जाहीर होते ती आपण ऐकतो, वचन ऐकतो, भाकर हातावर दिली जाते, शेवटी आशीर्वचन आपल्यावर उच्चारलं जातं. आपली स्तुती आणि दान हे त्याला उत्तर आहे, त्याची किंमत नाही. पौलाच्याच इफिसच्या पत्रात, 2:8 मध्ये, कृपेने झालेल्या तारणाला सरळ दान म्हटलंय, देवाचं.

आईला अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरी आले तर ती डाव्या हाताने नको नको करत होती. ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडून काही नकोय, फक्त तोंड उघडा." तिने उघडलं. पंधरा दिवसांनी तिनेच काकूला बोलवायला सांगितलं, आणि काकू आली, दुपारभर उशाशी बसली, आईला स्वतःच्या हाताने पेज भरवली. मामा म्हणतात आजारपणामुळे समेट झाला. मी त्या खोलीत होतो, मला तसं वाटत नाही.

हे सगळं प्रोटेस्टंट घरातून लिहितोय हं. वसईच्या कॅथलिक भावंडांकडे गंभीर पाप असेल तर आधी धर्मगुरूपाशी पापनिवेदन, मग ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर), तो त्यांचा नियम आहे आणि त्यातही क्षमा मिळतेच, कमवावी लागत नाही. आणि भांडण मिटवू नका असंही माझं म्हणणं नाही.

पण तुमचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेलं असेल आणि स्वतःला नालायक समजून मागे बसत असाल, तर येत्या प्रभुभोजनाला उठून पुढे जा. कोणी पंच अडवायला आला तर त्याला 28वं वचन मोठ्याने वाचायला लावा, पूर्ण.